अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलचा पुढचा फोर्क वारंवार तळाला आपटत असेल आणि ऑइल सील टिकत नसेल तर

गेल्या पावणेदोन वर्षांत माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कचे डाव्या बाजूचे ऑइल सील तीन वेळा बदलावे लागले आणि तीनही वेळा दोन-अडीच महिन्यांत पाईपवर तेलाचे तेच कडे पुन्हा दिसू लागले. त्याच्या जोडीला दुसरी तक्रार होती. घाटात उतरताना ब्रेक लावला की गाडी पुढून बसायची, आणि त्याच क्षणी खड्डा आला तर फोर्क तळाला जाऊन हँडलमध्ये ‘ठक्क’ असा धातूचा आवाज यायचा. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत असे मी बराच काळ धरून चाललो होतो. त्यांचा संबंध कसा लागला, फोर्कमध्ये नेमके काय बदलले आणि कोणत्या गोष्टींवर पैसे वाया गेले, हे येथे क्रमाने लिहितो.

गाडी चारशे सीसीच्या आसपासची आहे. पुढे २१ इंची चाक आहे, ४१ मिमी पाईपचा साधा टेलिस्कोपिक फोर्क आहे आणि त्याची चाल, म्हणजे तो पूर्ण दबण्याचे अंतर, २०० मिमी आहे. त्याला बाहेरून कोणतीही अ‍ॅडजस्टमेंट नाही. माझी नेहमीची वाट भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाते. नीरा-देवघर धरणाच्या कडेचा भाग आणि त्यापुढचा उतार यांवर फोर्कची परीक्षा आपोआपच होते.

आधी केलेले चुकीचे उपाय

पहिला उपाय जाड तेलाचा होता. “साहेब, दहा नंबरऐवजी वीस नंबर टाकू, मग बसणारच नाही,” असे मिस्त्रींनी सांगितले आणि मलाही ते पटले. गाडी स्टँडवरून काढून अंगणात दाबून पाहिली तेव्हा ती खरोखरच कडक वाटली. रस्त्यावर मात्र रंबलर पट्ट्यांवरून जाताना फोर्क प्रत्येक पट्टीला थोडा दाबला जाई आणि पुढची पट्टी येईपर्यंत पुरता वर येत नसे, त्यामुळे सहाव्या-सातव्या पट्टीपर्यंत तो जवळजवळ तळाशी पोहोचलेला असे. जाड तेल फोर्कला खाली जाताना अडवते, त्याचप्रमाणे वर येतानाही अडवते. शिवाय गाडीचे वजन पेलणे हे तेलाचे काम नाही, ते स्प्रिंगचे आहे. तेल फक्त हालचालीचा वेग ठरवते.

दुसरा उपाय स्प्रिंगच्या वर पीव्हीसी पाईपचा लांब तुकडा घालून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवण्याचा होता. त्याने गाडी पुढून उंच झाली, पण स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहिली. प्रीलोडमुळे स्प्रिंगचा दर, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे वजन, बदलत नाही. बदलते ती फक्त दबण्याची सुरुवात. मिळालेली उंची वरच्या चालीतून कापली गेली आणि गतिरोधक उतरताना फोर्क पूर्ण उघडून वरच्या टोकाला आपटू लागला. तळाचा आवाज होताच, आता वरचाही सुरू झाला.

फोर्क उघडण्याआधीची तपासणी

सगळ्यात आधी हा आवाज फोर्कचाच आहे याची खात्री करावी. पुढचा ब्रेक दाबून धरून गाडी पुढेमागे हलवावी आणि दुसऱ्या हाताचे बोट खालच्या टीच्या (दोन्ही पाईप धरून ठेवणाऱ्या खालच्या ब्रॅकेटच्या) व फ्रेमच्या फटीवर ठेवावे. बोटाला खुट् असा धक्का जाणवला तर दोष कोन सेटमध्ये, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगमध्ये, आहे आणि फोर्कवर केलेला सगळा खर्च फुकट जाणार आहे. माझा कोन सेट ठीक होता.

त्यानंतर सॅग मोजावा. गाडीवर नेहमीच्या सामानासह बसल्यावर फोर्क आपोआप जितका दबतो, तो सॅग होय. पुढचे चाक अधांतरी उचलून डस्ट सीलपासून (ऑइल सीलच्या वर बसणाऱ्या धूळ अडवणाऱ्या सीलपासून) खालच्या टीपर्यंत उघडा पाईप मोजला तेव्हा तो २०५ मिमी भरला. मग रायडिंगचे जाकीट, बूट आणि टँक बॅग यांसह गाडीवर बसलो आणि मित्राने गाडी पुढून खाली दाबून हळूच सोडली. तेव्हा माप ११४ आले. तसेच वर उचलून हळूच सोडल्यावर ते १३३ आले. एकाच फोर्कची, एकाच वजनाखालची ही दोन मापे, आणि त्यांच्यात १९ मिमीचा फरक! फोर्क कुठेतरी अडकत असल्याचे हे चिन्ह होते, आणि आजवर कोणीही ते मोजलेले नव्हते.

कारण अगदी साधे निघाले. चाक बसवताना अ‍ॅक्सल आवळल्यावर लगेच खालचा पिंच बोल्टही आवळला गेला होता, त्यामुळे दोन्ही बॉटम, म्हणजे पाईप ज्यांत सरकतात ते खालचे जाड नळे, एकमेकांना समांतर न राहता किंचित आत ओढले गेले होते. पिंच बोल्ट सैल केला, गाडी स्टँडवरून खाली घेतली, पुढचा ब्रेक न लावता फोर्क सात-आठ वेळा जोरात दाबला, म्हणजे बॉटमने अ‍ॅक्सलवर आपली जागा स्वतः शोधली, आणि मग पिंच बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळला. नवी मापे ११९ आणि १२७ आली. आठ मिमीचा फरक अशा फोर्कमध्ये स्वाभाविक आहे. या कामाला एक पानाही विकत आणावा लागला नाही आणि बारीक खडीवर हँडलमध्ये येणारी थरथर तेवढ्यानेच पुष्कळ कमी झाली.

दोन मापांची सरासरी १२३, म्हणजे सॅग ८२ मिमी. २०० मिमी चालीच्या ४१ टक्के चाल मी नुसता बसल्यानेच संपत होती. खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला चालीच्या २५ ते ३३ टक्के सॅग साधारणपणे योग्य मानतात. त्या हिशेबाने माझा सॅग ५० ते ६५ मिमीच्या दरम्यान हवा होता. यात गाडीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कारखान्याला सडपातळ कॉलेजकुमार आणि माझ्यासारखा सामानासह शंभरीकडे झुकलेला गृहस्थ या दोघांना एकाच स्प्रिंगवर बसवायचे असते.

स्प्रिंगचा हिशेब

नवी स्प्रिंग किती कडक हवी हे अंदाजाने ठरवू नये. ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर पुढचे चाक ठेवले आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी घातली, कारण गाडी समपातळीत नसेल तर वजन चुकीचे येते. माझ्यासह पूर्ण भरलेली गाडी २९५ किलो होती आणि त्यातले १३८ किलो पुढच्या चाकावर होते. चाक, टायर, डिस्क, कॅलिपर आणि बॉटम मिळून सुमारे २२ किलो वजन स्प्रिंगच्या खाली लटकलेले असते, म्हणून ते वजा केले. उरलेल्या ११६ किलोंपैकी फोर्कच्या सुमारे २६ अंशांच्या तिरकेपणामुळे नव्वद टक्के, म्हणजे १०४ किलो, स्प्रिंगच्या दिशेने लागतात.

जुनी स्प्रिंग ८२ मिमी सॅग आणि आधीचा १८ मिमी प्रीलोड मिळून १०० मिमी दबलेली होती (पीव्हीसीचा तुकडा मी तोवर काढून टाकला होता). म्हणजे दोन स्प्रिंग मिळून दर मिलिमीटरला १.०४ किलो, आणि एकीचा दर सुमारे ०.५२. तेवढ्याच प्रीलोडवर सॅग ६२ मिमी हवा असेल तर १०४ किलो ८० मिमीमध्ये पेलले पाहिजेत. दोन्ही स्प्रिंगचा मिळून दर १.३०, एकीचा ०.६५. फोर्कमधल्या हवेचा थोडा आधार या हिशेबात धरलेला नाही, पण स्प्रिंग निवडण्यासाठी एवढी अचूकता पुरते.

ब्रेकखाली काय होते हेही याच आकड्यांवरून समजते. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट, ब्रेक लावला, गाडी व चालक यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमी उंच आणि दोन चाकांमधले अंतर १४५ सेंमी धरले, तर मागचे जवळपास ७९ किलो वजन पुढे येते. त्याशिवाय फोर्क तिरका असल्याने ब्रेकचा मागे ओढणारा जोरही काही अंशी फोर्कलाच दाबतो. ही दोन्ही मिळून फोर्कच्या दिशेने सुमारे १२५ किलोंची भर पडते. जुन्या स्प्रिंगवर त्यासाठी आणखी १२० मिमी चाल लागते. आधीच्या ८२ मध्ये ती मिळवली की २०२ होतात, आणि फोर्ककडे आहेत २००. खड्डा येण्याआधीच चाल संपलेली होती. नव्या स्प्रिंगवर हीच बेरीज ६२ अधिक ९६, म्हणजे १५८ होते आणि खड्ड्यासाठी ४२ मिमी जागा उरते.

स्प्रिंग तयार मिळाली तर उत्तमच. मला हवा असलेला दर मिळेना, म्हणून भोसरीतल्या एका स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्यात जोडी करून घेतली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्प्रिंगचा दर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे जाडी साडेचार मिमीवरून पावणेपाच मिमी केली की दर जवळजवळ पाव पटीने वाढतो. व्हर्नियरने मापताना झालेली दशांश मिलिमीटरची चूकही येथे महागात पडते. जुन्या स्प्रिंगची काही वेटोळी कापूनही दर वाढतो, आणि काही ठिकाणी तसे करूनही देतात, पण उरलेली वेटोळी पूर्ण चालीआधीच एकमेकांवर टेकली तर धक्का थेट धातूवर येतो. माझ्या नव्या स्प्रिंगमध्ये ३७ वेटोळी आहेत, म्हणून पूर्ण दबल्यावर तिची लांबी साधारण १७६ मिमी होते. त्यात २०० मिमी चाल आणि १८ मिमी प्रीलोड मिळवले की ३९४ होतात, आणि मोकळी लांबी ४३० आहे. हा ताळा केल्याशिवाय कोणतीही स्प्रिंग फोर्कमध्ये घालू नये.

सील वारंवार का जात होते

स्प्रिंग बदलण्यासाठी फोर्क उघडला तेव्हा सीलचे कोडे सुटले. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाईपच्या वरच्या कडेपासून तेलाची पातळी मोजली तर डावीकडचे तेल उजवीपेक्षा २२ मिमी वर होते.

पुस्तकात फोर्कच्या तेलाचे जे घनफळ दिलेले असते, ते पूर्ण कोरड्या फोर्कसाठी असते. सील बदलताना फोर्क उलटा करून तेल ओतून दिले तरी डॅम्पिंग रॉडच्या, म्हणजे छिद्रांतून तेल सोडून फोर्कची हालचाल आवरणाऱ्या नळीच्या, आत आणि बॉटमच्या तळाशी बरेच तेल मागे राहते. त्यावर पुन्हा मापाने पूर्ण तेल ओतले की पातळी चढते. डावी बाजू तीन वेळा उघडली गेली होती आणि उजवी एकदाच, जाड तेल टाकताना. तेलावर जी हवा कोंडलेली असते ती दबताना दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करते. हवेचे घनफळ निम्मे झाले की तिचा दाब दुप्पट होतो, म्हणून मुळातच हवा कमी असेल तर तळाशी दाब झपाट्याने चढतो. माझा फोर्क रोज तळाला जात होता, आणि प्रत्येक वेळी तो वाढीव दाब डाव्या सीलच्या ओठावर पडत होता. सील गळते म्हणून फोर्क उघडायचा, उघडला की तेल जास्त व्हायचे, आणि तेल जास्त झाले की सील जायचे, असे ते चक्र होते. दोन्ही तक्रारींची गाठ येथे होती.

म्हणून तेल घनफळाने कधीही भरू नये, पातळीने भरावे. सुरुवातीला थोडे जास्त ओतावे, पाईप पंधरा-वीस वेळा वरखाली करून आतली हवा काढावी, दहा मिनिटे थांबावे आणि मग ठरलेल्या खोलीवर खूण केलेली बारीक नळी लावून सिरिंजने जास्तीचे तेल ओढून घ्यावे. साठ मिलिलिटरची सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा तुकडा एवढ्यावर हे काम दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरच्या आत जमते.

डाव्या पाईपवर आणखी एक खोड सापडली. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण कापसाचा बोळा पाईपवरून फिरवला की एका जागी त्याचे तंतू अडकत. दगड उडून झालेला तो टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा होता. त्याची वर आलेली कड तेल लावलेल्या दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने उतरवली. क्रोमचा पापुद्रा निघाला असेल किंवा गंज धरला असेल तर मात्र पाईपच बदलावा लागतो. बुशही, म्हणजे पाईपला आधार देणारी आतली कडी, त्याच वेळी पाहिले. त्यांचा राखाडी लेप झिजून खालचा तांबूस धातू दिसत होता, म्हणून तेही बदलले. बुश सैल असेल तर पाईप सीलमध्ये डुलतो आणि नवे सीलही टिकत नाही. सील ठोकताना स्क्रू ड्रायव्हर वापरू देऊ नये. जुने सील उलटे ठेवून त्यावर योग्य मापाच्या नळीने ठोकावे आणि पाईपच्या वरच्या कडेवर तेल लावलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी ओढून मगच नवे सील सरकवावे.

सील नुकतेच पाझरू लागले असेल तर फोर्क उघडण्याची घाई करू नये. डस्ट सील वर सरकवून, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखाली घालून पाईपभोवती फिरवावी. पुष्कळदा ओठाखाली अडकलेला चिखलाचा कण निघून येतो आणि गळती थांबते. कोकणातला लाल चिखल या बाबतीत फार वाईट, वाळला की घासणीसारखा होतो. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. पुण्याला ५६० मीटर उंचीवर फोर्कमध्ये कोंडलेली हवा खारदुंग ला या ५,३५९ मीटरच्या खिंडीत आपल्याभोवतीच्या हवेपेक्षा बऱ्याच जास्त दाबाची होते आणि सीलवर सतत जोर देत राहते. फोर्कच्या टोपीवर हवेचा स्क्रू असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर चाक अधांतरी करून तो क्षणभर सैल करावा.

तेल, एम्युलेटर आणि कुठे थांबावे

जुने वीस नंबरचे तेल काढून मी पुन्हा मूळ दहा नंबरच भरले. स्प्रिंग पाव पटीने कडक झाली की ती परत येताना आवरण्यासाठी डॅम्पिंग सुमारे बारा टक्के वाढवावे लागते, आणि तेवढा बदल पाच नंबरची उडी मारून नव्हे, तर किंचित जाड तेल घेऊन साधतो. डब्यावरच्या नंबरावर फार भिस्त ठेवू नये. एका कंपनीचे ‘दहा’ दुसरीच्या ‘साडेसात’इतके पातळ असू शकते. डब्यावर किंवा माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला असलेली स्निग्धता सेंटिस्टोकमध्ये दिलेली असते आणि तुलना त्या आकड्यांची करावी.

एवढे करून दीड हजार किलोमीटर चालवल्यावर जी तक्रार उरली, ती तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यांची होती. डॅम्पिंग रॉडच्या फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून जाते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे ब्रेकखाली फोर्क संथपणे दबतो तेव्हा विरोध अपुरा असतो, आणि दगडावर चाक झटक्यात उचलले जाते तेव्हा तो नको इतका होतो. यावर उपाय म्हणजे रॉडच्या माथ्यावर, मुख्य स्प्रिंगच्या दाबाखाली बसणारा एम्युलेटर. अमेरिकेतल्या रेस टेक कंपनीचे एम्युलेटर या प्रकारात सर्वांत परिचित आहेत, आणि थायलंडच्या वायएसएस कंपनीचे पीडी व्हॉल्व्हही याच जातीचे आहेत. त्याच्या आत एक छोटी स्प्रिंग असते. कमी वेगात ती तेल अडवून धरते आणि मोठा झटका आला की वाट मोकळी करून देते.

एम्युलेटर बसवताना रॉडच्या खालच्या, दाबाच्या बाजूच्या छिद्रांची संख्या व आकार वाढवावा लागतो, नाही तर जुनी छिद्रेच तेल अडवत राहतात आणि एम्युलेटर नुसता शोभेचा ठरतो. वरच्या, परतीच्या छिद्रांना हात लावायचा नाही, कारण परतीची गती एम्युलेटर बसवल्यावरही तेलच ठरवते. एम्युलेटरच्या उंचीइतका स्पेसर (स्प्रिंगवरचा नळीचा तुकडा) कापायला विसरले की प्रीलोड तेवढाच वाढतो आणि सगळा हिशेब चुकतो. रॉडला एकदा पाडलेले छिद्र परत बुजत नाही, म्हणून वॉरंटीतल्या गाडीवर हे काम करू नये. माझे मत विचाराल तर डांबर आणि अधूनमधून कच्चा रस्ता अशा वापराला नेमक्या स्प्रिंग, ताजे तेल आणि अचूक पातळी एवढे पुरते. मी एम्युलेटर बसवले, पण त्याने पडलेला फरक स्प्रिंगने पडलेल्या फरकाच्या निम्माही नाही.

पूर्ण फोर्क बदलण्याचा मार्गही काहींना मोहवतो. चाल वाढवायची असेल तर कंपनीने त्याच गाडीसाठी काढलेला संच सर्वांत सुरक्षित. हीरोने एक्सपल्स २०० साठी २०२० मध्ये आणलेल्या रॅली किटमध्ये पुढे २५० मिमी चालीचा, पूर्ण अ‍ॅडजस्ट होणारा फोर्क होता, पण त्याबरोबर मागचा शॉकअपही तसाच लांब दिलेला होता. दुसऱ्या गाडीचा उलटा (जाड नळा वर आणि पाईप खाली असलेला) फोर्क आणून टी, अ‍ॅक्सल आणि ब्रेक जुळवत बसण्यात पैसा तर जातोच, शिवाय सुकाणूची भूमितीही बिघडते.

बदलानंतरच्या नोंदी

पाईपवर एक बारीक केबल टाय ढिला बांधून ठेवला आहे. डस्ट सील त्याला वर ढकलत नेते, त्यामुळे फेरीनंतर फोर्क किती दबला होता हे तो दाखवतो. आधी तो वरंधा उतरल्यावर टीखाली पार दाबून बसलेला सापडायचा. आता त्याच उतारावर १७६ मिमीवर थांबतो. याचा अर्थ जवळपास सगळी चाल वापरली जाते, तरी तळ लागत नाही. तो दीडशेच्या आतच थांबू लागला असता तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक झाली असे मी समजलो असतो.

सॅगची नवी सरासरी १४३ आहे, म्हणजे हिशेबातला ६२ मिमी जसाच्या तसा आला. डाव्या सीलला आठ महिने झाले आणि मधे एक पूर्ण पावसाळा गेला, तरी पाईप कोरडा आहे. गतिरोधकावरून उतरताना वरच्या टोकाचा हलका आवाज क्वचित येतो. पुढच्या वेळी तेल किंचित जाड घेऊन तो जातो का ते पाहणार आहे.

पुढचा फोर्क सुधारला की मागचा शॉकअप मऊ वाटू लागतो. मागचा सॅगही याच रीतीने मोजून प्रीलोड दोन खाचा वाढवला, नाही तर गाडी मागून बसून वळणात बाहेर ओढते. पुढून गाडी २० मिमी उंच झाल्याने हेडलाइटचा झोतही वर गेला होता आणि समोरून येणारे ट्रकवाले दिवे उघडझाप करून तसे सुचवत होते. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून, माझ्या जागी कोणाला तरी बसवून तो खाली घेतला. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर टीचे बोल्ट आणि अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, तेव्हा खालच्या टीचा एक बोल्ट पाव फेरा घेतच होता.